ठमीची तहान

१

ठमीला मी मारलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी माझ्यावर डोळे वटारायला नकोत. सकाळी बाईसाहेबांचा फोन आला, मी चहा तसाच टाकून गाडी काढली आणि तबेल्यात पोचले, तेव्हा ती म्हातारी घोडी तिच्या ठाणात आडवी पडली होती. पुढचे दोन्ही खूर हात लावू देत नव्हते इतके तापलेले. आतलं हाड सुटून तळव्यातून त्याचं टोक बाहेर आलं होतं. इथून घोडं पुन्हा उभं राहत नाही. मी इंजेक्शन भरलं, तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर हात ठेवला आणि सुई मानेत घातली. मग छातीला नळी लावून बसून राहिले, आतला आवाज थांबेपर्यंत.

उठले तेव्हा ठाणाच्या दाराशी चौघं उभी होती. काठीवर रेललेल्या बाईसाहेब, म्हणजे या घोडेस्वारीच्या शाळेच्या मालकीणबाई. त्यांचा भाचा, जो हल्ली शाळेचा सगळा कारभार बघतो आणि बघताना नाक मुरडतो. शाळेचे मास्तर, ज्यांच्या शिट्टीवर गेली कित्येक वर्षं पोरं घोड्यावर बसायला शिकतात. आणि मोतद्दार, हातात रिकामी बादली घेऊन. ठमीचं सगळं तोच करायचा, खरारा, चंदी, पाणी, औषध.

"बघा ना तिच्या हौदाकडे!" भाचा म्हणाला. "कोरडा ठणठणीत आहे. रात्रभर पाण्यावाचून तडफडली बिचारी. आणि हा पठ्ठ्या शेजारच्या खोलीत घोरत होता."

"काठोकाठ भरला होता, साहेब," मोतद्दार म्हणाला. "झोपायच्या आधी माझ्या हाताने भरला. सुनेला विचारा."

"सुनेला काय विचारायचं? ती तुझीच बाजू घेणार."

बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या ठमीकडे बघत होत्या. आयुष्यात शेवटची घोडदौड त्यांनी ठमीवर केली होती, त्यानंतर कंबर गेली आणि काठी आली. "उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," त्या म्हणाल्या. "सामान घे, सुनेला घे, बाळाला घे. मला तुझं तोंड दिसायला नको."

बादली त्याच्या हातातून सुटली नाही, हेच नवल. त्या एका खोलीत त्याचा सगळा संसार होता. मुलगा लांब कुठे तरी कामाला, सून नुकतीच बाळंत झालेली. आणि तबेल्यातून 'जनावर तहानेने मारलं' म्हणून हाकललेल्या मोतद्दाराला दुसरा कोण दारात उभं करणार?

मी हात पुसले. "बाईसाहेब, मला आज संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तोवर कुणी सामान बांधायचं नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात. फौजदार नाही," भाचा म्हणाला.

"म्हणूनच फुकटात करतेय," मी म्हटलं.

कारण एक गोष्ट मला डाचत होती. हौद कोरडा होता हे खरं. पण ठमीच्या अंगाखालचा लाकडाचा भुसा पिळून काढावा इतका ओला होता, तळापर्यंत, आणि पाण्याने नाही. रात्रभर पाणी न मिळालेलं घोडं इतकं मुतेल कुठून?

२

ठमीचं दुखणं काय होतं ते सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही.

घोड्याच्या मेंदूच्या बुडाशी एक बारकी ग्रंथी असते. म्हातारपणी कधीकधी तिच्यावरचा लगाम सुटतो आणि ती नको तितकी संप्रेरकं रक्तात ओतत बसते. मग घोडं बादल्याच्या बादल्या पाणी पितं आणि तितकंच बाहेर टाकतं. अंगावरचे केस झडायचे विसरतात आणि भर उन्हात अस्वलासारखे वाढत राहतात. पाठ खचते, पोट सुटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुरांना आतून आग लागते. दुखणं बरं होत नाही, पण ताब्यात ठेवता येतं. गोड खाणं बंद, खुरांची निगा, पाणी हवं तितकं, आणि रोज न चुकता गोळी.

मागच्या हिवाळ्यात मी ठमीला रोज दीड गोळी सुरू केली. त्या दिवशी खोगीरखोलीत सगळ्यांना बसवून बजावलं होतं. "हातमोजे घातल्याशिवाय गोळीला शिवायचं नाही. मोतद्दार, तुझी सून पोटुशी आहे, तिला तर जवळही फिरकू देऊ नकोस, पुढे अंगावरचं दूध आटेल. हे गमतीचं औषध नाही. पूर्वी माणसांनाही देत असत, भलत्याच दुखण्यासाठी. पण हृदयाच्या झडपा जाड व्हायला लागल्या, म्हणून माणसांचं बंद केलं." मास्तरांनी एक-दोन प्रश्न विचारले होते, भाच्याने जांभई दिली होती. चहा झाला होता. मास्तरांनी त्यांचा अर्धा कप माझ्या कोटावर सांडला होता आणि कपालाच शिव्या घातल्या होत्या.

महिन्याभरात ठमी सुधारली. पाणी कमी झालं, केस झडले, पुन्हा नाक वर करून चालायला लागली. मी शेवटची तपासायला आले तेव्हा तिने मला चावायचासुद्धा प्रयत्न केला. म्हणजे प्रकृती उत्तम होती.

मग हे झालं कसं?

मोतद्दाराला मी त्याच्याच खोलीच्या पायरीवर बसवलं. आत बाळ किरकिरत होतं.

"खरं सांग. गोळी रोज देत होतास?"

"रोज, डॉक्टरबाई. एक दिवस चुकलो नाही. बाळाची शपथ."

"बाळाला मध्ये आणू नकोस. पाणी कधीपासून जास्त प्यायला लागली?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन महिने झाले असतील. आधी दोन बादल्या, मग चार, मग हौदच. रोज सकाळी भुसा उचलून फेकायचा म्हणजे कंबर मोडायची. काल भरलेला हौद रात्रीतच संपला असणार."

"मग मला का नाही कळवलं? माझा फोन काय शोभेला आहे?"

"मास्तरांना सांगितलं होतं की. इथली तशी शिस्तच आहे. आम्ही मास्तरांना सांगायचं, मास्तर वर सांगतात. मी परस्पर बाईसाहेबांशी किंवा तुमच्याशी बोललो, तर ते शिस्तीत बसत नाही. मास्तर म्हणाले, उन्हाळा आहे, पिणारच. सांगतो मी डॉक्टरबाईंना."

मला कुणीही काही सांगितलं नव्हतं.

"आणि एक सांगू?" त्याचा चेहरा जरा उजळला. "औषध खायला किती त्रास द्यायची आधी! सफरचंदात लपवा, गाजरात लपवा, बरोबर गोळी तेवढी थुंकायची. पण हल्ली शहाणी झाली होती. मी मोजा घालून हात पुढे केला की तळहातावरून गोळी उचलायची, वर हात चाटायची. फक्त अर्धी गोळी करताना वैताग. आधी मधल्या रेघेवर कट्कन तुटायची. आता भुगा होतो."

मी पायरीवरून ताडकन उठले.

"काय झालं, बाई? माझं काही चुकलं का?"

३

भाचा ऑफिसात होता. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर बाईसाहेबांचा ठमीवर बसलेला जुना फोटो.

"औषधाच्या दुकानातून बाटली कोण आणतं?" मी विचारलं.

"मी. दर महिन्याला. का?"

"वाटेत उघडता का?"

"घोड्याची गोळी? कशाला? डोकं दुखलं म्हणून खायला?" तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "अहो, बाटलीच्या तोंडाला चिकटपट्टी असते. ती तशीच मास्तरांच्या हातात देतो. ते खोगीरखोलीच्या कपाटात ठेवतात."

"कपाटाला कुलूप?"

"आहे की. किल्ली शेजारच्या खिळ्याला."

काय म्हणावं या लोकांना!

"ठमी मेलेली तुम्हाला हवी होती," मी म्हटलं.

तो लालबुंद झाला. "हो, हवी होती! तोंडावर सांगतो. मावशी रोज काठी टेकत तिच्यापाशी जाते, तासन्‌तास उभी राहते, परत येते ती रडत. त्या म्हाताऱ्या घोडीला किती दिवस ओढायचं? मी तुम्हालाच म्हटलं होतं, इंजेक्शन द्या आणि सोडवा. म्हटलं होतं की नाही?"

म्हटलं होतं. आणि मी त्याला हाड् म्हणून हाकललं होतं.

"पण असं नाही," तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला. "सकाळी मी तिचा आवाज ऐकला, डॉक्टर. घोडं तसं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. म्हणून तर मोतद्दाराला सोडू नये असं वाटतं. महिन्यापूर्वी ती कशी तुळतुळीत दिसत होती! मावशीला तर वाटलं, तरुण झाली."

"तुळतुळीत?"

"केस कापले होते ना तिचे. मशीन फिरवून. अंग कसं मखमलीसारखं."

मी उठले. ठमीचे केस गोळीमुळे आपोआप झडले होते. ते पुन्हा वाढले असतील, तर तिचं दुखणं अंगणात उभं राहून ओरडत होतं. आणि कुणी तरी मशीन घेऊन त्याचं तोंड बंद केलं होतं.

"केस कापायला कोणी सांगितलं?"

भाच्याने खांदे उडवले. "मोतद्दाराने कापले. त्यालाच विचारा."

४

खोगीरखोलीत चामड्याचा आणि तेलाचा वास कोंडला होता. मास्तर खिडकीशी बसून खोगिराचा तुटलेला तंग, म्हणजे पोटपट्टा, शिवत होते. दाभणात मेण लावलेला दोरा ओवत त्यांनी मान वर न करता म्हटलं, "बसा. चहा घ्या. तुमच्या पोटात सकाळपासून काही नसेल."

दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला. मग त्यांनी किटली उचलून माझा कप भरला, अगदी काठापर्यंत, आणि बशीसकट माझ्यापुढे धरला. शेजारच्या थाळीत पाव आणि उकडलेली अंडी तशीच होती.

"तुम्ही खाल्लं नाहीत?"

"हल्ली अन्न बघितलं की मळमळतं. वय झालं." ते हसले. "ठमीला मीच तयार केली होती, माहीत आहे? शिंगरू होती. पाठीवर पोतंसुद्धा ठेवू द्यायची नाही. बाईसाहेबांच्या आधी तिच्यावर मी बसलोय."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. माणसं ओळखण्यात मी कच्ची आहे, मला जनावरं बरी कळतात. पण ते रडू खरं होतं, हे मी आजही सांगेन.

"मोतद्दार म्हणतो, ती फार पाणी पिते असं त्याने तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. मी विसरलो असेन. उन्हाळा होता."

"केस कापायला?"

"मीच सांगितलं. बाईसाहेब रोज बघायला येतात. त्यांना ती नीटनेटकी दिसावी." ते उठले, आणि उठता उठता त्यांनी भिंतीतली खुंटी घट्ट धरली. डोळे मिटून क्षणभर तसेच उभे राहिले. "चक्कर. काही नाही. चाळीस वर्षं उन्हात काढली की येतेच."

"औषधाची बाटली बघू का?"

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. मी बाटली उघडली. गुलाबी गोळ्या, अर्ध्याहून जास्त शिल्लक. रंग तोच, आकार जवळपास तोच. मधली रेघसुद्धा होती, पण ती नखाने ओढल्यासारखी.

एक गोळी मी रुमालात घेतली, बाटली खिशात टाकली आणि बाहेर पडले. हौदापाशी गेले, गोळी दोन बोटांत धरून दाबली. भुगा झाला. आता डॉक्टरने असं करू नये, माझ्या कॉलेजच्या सरांनी पाहिलं असतं तर कान उपटला असता, पण मी तो भुगा जिभेवर ठेवला.

आंबटगोड. संत्र्याची चव. पोरांना चघळायला देतात ती जीवनसत्त्वाची गोळी, कुठल्याही दुकानात मिळते ती.

ठमी शहाणी झाली नव्हती. तिला रोज गोळीच्या नावाने खाऊ मिळत होता. आणि तिचं औषध दुसरंच कोणी तरी घेऊन जात होतं.

५

मी हौदाच्या काठावर बसले आणि डोकं चालवायला लागले. जनावर समोर नसलं की माझं डोकं जरा हळू चालतं.

ज्याला ठमी मरायला हवी, तो काय करेल? गोळ्या गटारात ओतेल. वाट बघेल. तिचे केस वाढले, ती हौद रिकामा करायला लागली, तर त्याला आनंदच होईल. तो तिला कशाला नटवेल? केस कापणाऱ्याला ठमी मरायला नको होती. ती आजारी आहे हे कुणाला दिसू नये, म्हणजे डॉक्टरबाई येणार नाही, रक्त तपासणार नाही आणि बाटली उघडणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. थोडक्यात, त्याला घोडी नको होती, त्याला गोळी हवी होती.

भाच्याला गोळी कशाला? आणि त्याला ठमीचं दुखणं लपवायचं असतं, तर तो 'म्हातारीला सोडवा' म्हणून माझ्या मागे का लागला असता? त्याच्यासाठी ठमी जितकी आजारी दिसेल तितकं बरं होतं.

मोतद्दाराला? त्याने गोळ्या बदलल्या असत्या, तर 'भुगा होतो, तळहातावरून खाते' हे मला हसत हसत सांगितलं असतं का? चोर स्वतःच्या घराचा पत्ता देत नाही. शिवाय आत सून अंगावर पाजत होती. ते औषध खोलीत शिरलं असतं, तर दूध आटलं असतं.

राहता राहिला एक माणूस. तहानेची बातमी ज्याच्यापाशी आली आणि तिथेच मेली. केस कापायचा हुकूम ज्याने दिला. मळमळ, उभं राहताना घेरी, ही त्या गोळीची जुनी खूण आहे, माणसांतली. आणि भरलेला कप! काठापर्यंत भरलेला, बशीतही थेंब न पडलेला. दाभणात पहिल्या झटक्यात गेलेला दोरा. मागच्या हिवाळ्यात याच हातांनी माझ्या कोटाचा सत्यानाश केला होता.

त्या दिवशी त्यांनी मला विचारलेला प्रश्नही आठवला, आणि माझ्या तोंडची संत्र्याची चव कडू झाली.

मी उठले आणि सगळ्यांना ठमीच्या ठाणापाशी बोलावलं.

६

ठमीवर कुणी तरी ताडपत्री घातली होती. बाईसाहेबांसाठी मोतद्दाराने स्टूल आणून ठेवलं आणि स्वतः लांब उभा राहिला, आता हाकललेलाच आहे असं धरून. मी सगळं सांगितलं. ओला भुसा, रिकामा हौद, गोड गोळी. "पाणी मिळालं नाही म्हणून हौद कोरडा नव्हता, बाईसाहेब. तो तिने प्यायला म्हणून कोरडा होता. औषध बंद झालं, तहान परत आली, आणि तिच्यामागून खुरांची आग आली. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात."

"चोर कोण?" भाच्याने विचारलं.

मी मास्तरांकडे वळले. "मास्तर, हिवाळ्यात तुम्ही मला विचारलं होतं, पूर्वी ही गोळी माणसांना कुठल्या दुखण्यासाठी देत असत. मी काय उत्तर दिलं होतं?"

मास्तरांनी दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"कंपवात. हात थरथरतात ते दुखणं. मी बोलले आणि विसरले. तुम्ही विसरला नाहीत."

"हे सिद्ध कसं करणार?" मास्तर शांतपणे म्हणाले.

"मला काहीच करायचं नाही. बाटली माझ्याकडे आहे, पुढची येणार नाही. तुमच्यापाशी लपवलेल्या गोळ्या असतील त्या संपतील. मग तुमचे हातच सगळ्यांना सांगतील. थांबू का तोवर?"

मास्तरांनी जाकिटाच्या खिशातून एक छोटी डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. डबीत गुलाबी गोळ्या होत्या. तो हात दगडासारखा स्थिर होता, आणि तेच बघवत नव्हतं.

"लगाम थरथरला की घोड्याला वाटतं, वरचा माणूस घाबरलाय," ते म्हणाले. "मग तेही घाबरतं. गेल्या वर्षी एक पोर माझ्या हातामुळे पडलं असतं. कुणाला कळलं नाही. मला कळलं. मी काय करू शकत होतो, डॉक्टर? मला दुसरं काही येत नाही. गोळी घेतली आणि आठ दिवसांत हात माझे झाले. पुन्हा माझे!"

"आणि ठमी?" बाईसाहेबांनी विचारलं.

"मला वाटलं, म्हातारी आहे. तिचे किती दिवस राहिलेत? माझ्या हातांत अजून दहा वर्षांचं काम आहे. मग ती पाणी प्यायला लागली. मी रोज स्वतःला सांगायचो, उन्हाळा आहे, उन्हाळा आहे. काल संध्याकाळी ती पाय उचलून उभी होती. मी पाहिलं. पाहिलं आणि घरी गेलो."

माझा तोल गेला. मी ओरडलेच. "अहो, कंपवाताला आज चांगल्या गोळ्या मिळतात! माणसांच्या! कुठल्याही डॉक्टरकडे गेला असतात, तर महिन्याभरात हात ताब्यात आले असते. या जनावराच्या तोंडचा घास काढायची गरजच नव्हती. कुणालाच गरज नव्हती मरायची!"

"त्याला चिठ्ठी लागते," मास्तर म्हणाले. "चिठ्ठीवर नाव लागतं. कुणी तरी विचारणार, मास्तर, तुम्ही कसलं औषध घेता? घोडीला कुणी नाव विचारत नाही."

७

भाचा तोंड फिरवून उभा राहिला. बाईसाहेबांनी मास्तरांना एवढंच म्हटलं, "तुम्ही माझ्याकडे आला असतात, तर मी तुम्हाला काढलं असतं असं वाटलं तुम्हाला?" मास्तरांनी खरं उत्तर दिलं. "हो." बाईसाहेबांनी ते नाकारलं नाही.

मी मास्तरांना भुशाच्या पोत्यावर बसवलं आणि सदऱ्याची बटणं सोडायला लावली. सकाळी ठमीच्या छातीला लावलेली नळी त्यांच्या छातीला लावली. मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसाच्या हृदयाबद्दल शेवटचा शब्द मी बोलू नये. पण आतला सुस्कारा कुठल्याही छातीत सारखाच ऐकू येतो. प्रत्येक ठोक्यामागे रक्त जिथून परत यायला नको, तिथून हलकेच परत येत होतं. तो आधीचा की या दोन महिन्यांचा, ते मला सांगता येईना.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. मी घेऊन जाणार. चिठ्ठीवर नाव लिहायचं. आणि त्यांना दोन गोष्टी सांगायच्या, हात आणि हृदय."

त्यांनी मान हलवली. बटणं त्यांनी स्वतःच लावली, एकेक करून, अगदी नीट, कारण हे किती दिवस जमणार आहे ते त्यांना आता ठाऊक होतं.

बाईसाहेब उठल्या आणि काठी टेकत मोतद्दारापाशी गेल्या. त्या घरात कुणी नोकराची माफी मागत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या त्याच्यासमोर थांबल्या. "खोली तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "मी चुकले. बाळ मोठं होईपर्यंत राहा, त्यानंतरही राहा. आणि इथून पुढे काही झालं तर सरळ माझ्याकडे यायचं. मध्ये कुणी नाही."

मला वाटलं, आता हा माणूस सुटकेचा श्वास टाकेल. सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. दारातून सून बघत होती, बाळ खांद्यावर घेऊन, आणि तिला रडू आवरत नव्हतं. पण मोतद्दार जागचा हलला नाही. त्याने खिशातून हातमोजा काढला, रोज गोळी देताना घालायचा तो, आणि त्याच्या तळव्यावर चिकटलेल्या गुलाबी भुग्याकडे बघत राहिला.

"म्हणजे बाई," तो मला म्हणाला, "ते औषध नव्हतंच?"

"नव्हतं. तुझी काही चूक नाही. कुणालाच कळलं नसतं."

"माझ्या सुनेने माझं कौतुक केलं होतं. म्हणाली, मामंजी, तुम्ही तिला चांगलं वळण लावलंत." त्याने मोजा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "सकाळी मी आलो की ती आधी माझा हात हुंगायची. मला वाटायचं, माझी वाट बघते. मी तिला म्हणायचो, खा ठमे, खा, बरी होशील."

तो ताडपत्रीपाशी गेला, तिचं एक टोक उचललं, मोजा ठमीच्या तोंडाशी ठेवला आणि पुन्हा झाकलं. मग त्याने बादली उचलली. बाकीच्या घोड्यांना पाणी द्यायचं राहिलं होतं.